कान्यावने न मारलेला गोल

सांतो आमान्सियो गावात जेनिव्हाल्दो तेओदोरो कुठे राहतो असं कुणाला विचारलं, तर तो माणूस खांदे उडवून आपल्या वाटेने गेला असता. कान्याव कुठे राहतो असं विचारलं, तर तोच माणूस हाताला धरून दारापर्यंत घेऊन गेला असता, वाटेत त्याने तो गोल सांगितला असता, आणि दारात पोचल्यावर गोलकीपरच्या मिशीचा उल्लेख राहिला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितला असता. आत जेनिव्हाल्दो पडदा सरकवून बघत असे, आणि बायकोला म्हणत असे, "नेउझा, आणखी एक आला. मी झोपलोय म्हणून सांग."

"सकाळचे दहा वाजलेत."

"मग मेलोय म्हणून सांग."

"मेलास म्हणून सांगितलं तर सगळं गाव आत येईल," नेउझा म्हणे, आणि कॉफीचं आधण वाढवायला जाई.

कान्याव म्हणजे तोफ. हे नाव पडायला जे घडलं ते थोडक्यात असं. तीस वर्षांपूर्वी राजधानीचा बलाढ्य क्लब गावच्या एस्ट्रेला दा सेर्राशी खेळायला आला होता. सामना संपत आलेला. एस्ट्रेलाचा एक गडी पायात गोळा येऊन खाली बसला. चेंडू त्या वेळी जेनिव्हाल्दोकडे होता, मध्यरेषेच्याही अलीकडे. आपला गडी जखमी झाला की चेंडू मैदानाबाहेर मारून खेळ थांबवायचा, ही रीत. जेनिव्हाल्दो चांगल्या घरातला. त्याने चेंडू बाहेर मारला, म्हणजे मारायला गेला. चेंडू बुटाच्या भलत्याच भागाला लागून वर चढला, त्याच वेळी डोंगरावरून वारा सुटला, आणि गोल सोडून पार पुढे येऊन रेफरीशी हुज्जत घालत उभ्या असलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू जाऊन जाळ्यात पडला. जेनिव्हाल्दो तेव्हा पाठ फिरवून डॉक्टरला हात करत होता. गोल झाल्याचं त्याला अंगावर सात-आठ माणसं पडल्यावर कळलं.

रेडिओवर त्या दिवशी लिंदोमार बोलत होता. त्याने 'गोऽऽऽल' अशी जी आरोळी ठोकली, ती श्वास संपला तरी संपेना. शेवटी तो खुर्चीवरून खाली पडला आणि उरलेली आरोळी त्याने जमिनीवरून पुरी केली. ती आरोळी गावच्या रेडिओवर अजून रोज दुपारी वाजते. तिच्यानंतर निधनवार्ता असतात.

बस. जेनिव्हाल्दोचं पुढचं आयुष्य तिथून गावाच्या ताब्यात गेलं. चर्चच्या मागच्या चढाच्या रस्त्याला त्याचं नाव दिलं, आणि तो चढ इतका उभा की रोज कुणी ना कुणी धापा टाकत त्याचं नाव घेई. तिबुर्सियोच्या बेकरीत 'कान्याव' नावाचा पाव मिळू लागला, त्यातलं सॉसेज दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबे. सासूच्या अंत्ययात्रेत शवपेटीला खांदा दिलेला असताना शेजारच्या खांदेकऱ्याने त्याला हळूच विचारलं होतं, "तो बाहेरच्या बाजूने मारला होता की आतल्या?"

आणि जेनिव्हाल्दो काही खोटं बोलत होता असं नाही. तीस वर्षं तो प्रत्येकाला, उभ्याने, बसून, हात जोडून, ओरडून एकच सांगत आला होता, की बाबांनो, मी चेंडू बाहेर मारत होतो. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येत. "बघ," ऐकणारा घरी जाऊन आपल्या बायकोला म्हणे, "एवढा मोठा माणूस, पण गर्व म्हणून नाही!" या कबुलीमुळे त्याचं नाव आणखीच मोठं झालं. लोक आपल्या मुलांना सांगू लागले, गोल मारावा तर कान्यावसारखा आणि नाकारावा तोही कान्यावसारखा.

जेनिव्हाल्दोचा खरा जीव होता बचावात. खेळणं थांबल्यावर पंधरा वर्षं तो राज्यातल्या आडगावच्या क्लबांना शिकवत फिरला, आणि त्यातून त्याचं एक ठाम मत झालं, की फुटबॉलमधलं सर्वांत सुंदर दृश्य म्हणजे एखाद्या आडदांड बचावपटूने कसलाही विचार न करता चेंडू रस्त्यावर भिरकावून देणं. शून्य-शून्य हा त्याच्या लेखी सगळ्यांत प्रामाणिक निकाल. अशा माणसाला एस्ट्रेलाचे अध्यक्ष डॉक्टर अल्सिदेस यांनी यंदा घरच्या क्लबाचा प्रशिक्षक म्हणून बोलावलं. अल्सिदेस दातांचे नव्हेत की पोटाचे नव्हेत, त्यांचं फर्निचरचं दुकान होतं. पण तीन मजली दुकान असलेल्या माणसाला डॉक्टर नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं?

"तुम्ही फक्त बाकावर बसा, कान्याव," अल्सिदेस पहिल्याच दिवशी म्हणाले. "बाकीचं तुमचं नाव करील."

नावाने केलं ते असं. संघातल्या प्रत्येक पोराच्या पायाशी मध्यरेषेवर चेंडू आला, की तो एकदा बाकाकडे बघे, छातीवर क्रूस काढी, आणि तिथूनच गोलवर मारी. चेंडू कधी दिव्याच्या खांबाला लागे, कधी शेजारच्या शाळेच्या कौलांवर जाई, बहुतेक वेळा समोरच्याच्या पायात जाई, आणि समोरचा संघ उघड्या मैदानातून दुडक्या चालीने येऊन गोल करून परत जाई. एस्ट्रेला एकामागून एक सामने हरला. चार-शून्य हरल्यावर लोकांनी कुंपण ओलांडून जेनिव्हाल्दोला खांद्यावर घेतलं.

"अरे, आपण हरलोय!" तो वरून ओरडला. "चार गोल खाल्लेत!"

"पण काय प्रयत्न होते, कान्याव!" खालून आवाज आला. "तिसरा तर तुमच्यासारखाच सुटला होता!"

"तो शाळेवर गेला!"

"तुमचाही जरा वारा पडला असता तर गेलाच असता की," खालचा समजुतीने म्हणाला. वाऱ्याचं खापर या गावात नेहमी असं चुकीच्या जागी फुटे.

होता होता हंगामाचा शेवटचा सामना उरला. मोर्रो दो सिनोशी, घरच्या मैदानावर. बरोबरी झाली तर एस्ट्रेला पहिल्या श्रेणीत टिकणार, हरला तर खालच्या श्रेणीत. खाली गेलेला क्लब वर यायला किती वर्षं लागतात हे जेनिव्हाल्दोने इतर गावांत पाहिलं होतं. काही क्लब वर आले नाहीत, त्यांच्या मैदानावर आता कोंबड्या चरतात. त्याला जिंकायचं नव्हतंच. त्याला फक्त नव्वद मिनिटं कुणी मध्यरेषेवरून गोलवर मारायला नको होतं. इतकी साधी मागणी जगात कुठल्या प्रशिक्षकाने केली नसेल.

मंगळवारी त्याने बंद दाराआड सराव ठेवला. फाटकाला स्वतः कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आणि मागे वळून पाहतो तो निम्मं गाव आत. शेगडी पेटली होती, मांस भाजत होतं, आणि तिबुर्सियो बेकरीवाला कान्याव पाव वाटत फिरत होता.

"बंद आहे सराव! बंद!" जेनिव्हाल्दो किंचाळला.

"म्हणून तर लवकर आलो," तिबुर्सियो म्हणाला. "नंतर आत सोडत नाहीत म्हणे. घ्या, मिरची जास्त घातलीय."

जेनिव्हाल्दोने पोरांना रिंगण करून बसवलं. मध्ये गिल्सिमार बसला होता. एकोणीस वर्षांचा, डाव्या पायाचा, देखणा. गाव त्याला 'छोटी तोफ' म्हणे, आणि अल्सिदेसनी त्याचं तोंड छापलेले सदरे दुकानात सोफ्यांवर टांगले होते. त्याच्याशेजारी एक बचावपटू मांडी घालून बसला होता, त्याला सगळे कपाट म्हणत. तो वळायला वेळ घेई, पण एकदा वळला की समोरून काहीही जात नसे. हंगामभर त्याला खेळवा अशी कुणी मागणी केली नव्हती.

"नीट ऐका," जेनिव्हाल्दो म्हणाला. "रविवारी मध्यरेषेवरून कुणीही गोलवर मारायचं नाही. कुणीही. समजलं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. गिल्सिमारने हात वर केला.

"मास्तर, म्हणजे अगदी संधी आल्याशिवाय नाही."

"संधी आली तरी नाही!"

"म्हणजे वाटलं तरच."

"वाटलं तरी नाही रे!"

गिल्सिमारने शेजाऱ्याकडे बघून डोळा मारला. "मास्तर परीक्षा बघताहेत," तो कुजबुजला.

जेनिव्हाल्दोने मग शेवटचा उपाय काढला. जुन्या सामन्याची चित्रफीत त्याने नातेवाइकांकडून मागवून ठेवली होती. बुधवारी क्लबच्या खोलीत पडदे ओढून त्याने ती लावली, आणि नेमक्या क्षणी थांबवली.

"बघा," छडी पडद्यावर आपटत तो म्हणाला. "माझे खांदे कुठे आहेत? बाजूच्या रेषेकडे. डोळे? बाजूच्या रेषेकडे. पाय कसा आहे? लाकूड तोडल्यासारखा. म्हणजे मी चेंडू कुठे मारतोय?"

 मागून एक भारावलेला आवाज आला, "गोलकीपरला कळू नये म्हणून डोळेसुद्धा फिरवले."

"आई गं," दुसरा म्हणाला.

"परत दाखवा ना, मास्तर, सावकाश."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. कपाटसुद्धा, थोडा उशिरा. बाहेर मैदानात गेल्यावर गिल्सिमार मध्यरेषेवर उभा राहून, बाजूच्या रेषेकडे तोंड करून, पाय लाकूडतोड्यासारखा ठेवून चेंडू गोलवर मारण्याचा सराव करू लागला. उरलेले रांगेत उभे राहिले. जेनिव्हाल्दो बाकावर बसला आणि त्याने टॉवेल डोक्यावरून घेतला.

शुक्रवारी लिंदोमारने त्याला रेडिओवर बोलावलं. लिंदोमार आता म्हातारा झाला होता, पण आवाज तसाच, भिंतीतून पलीकडे जाणारा. जेनिव्हाल्दोने ठरवलं होतं, आज गावालाच सांगायचं.

"लिंदोमार, मला स्पष्ट बोलायचंय. तो गोल चुकून झाला. मला चेंडू नीट मारता आला नाही. मी त्या दिवशी वाईट खेळलो. रविवारी कुणी मला खूश करायला तिथून मारू नये. मला राग येतो. उबग आलाय मला त्या गोलाचा!"

समोर लिंदोमारचा चेहरा थरथरू लागला. मग हा भिंतीतून जाणारा आवाज हमसून हमसून रडायला लागला, थेट प्रक्षेपणात.

"श्रोतेहो," तो हुंदका आवरत म्हणाला, "ऐकलंत? स्वतःचा गोल क्लबावरून ओवाळून टाकला या माणसाने. चला, आपण तो पुन्हा ऐकू या."

आणि आरोळी लागली.

घरी येऊन जेनिव्हाल्दोने जोडे भिंतीवर मारले. नेउझा भाताला फोडणी देत होती. या गावात त्याला खऱ्या नावाने हाक मारणारी ती एकटीच.

"जेनिव्हाल्दो, तू त्यांच्यावर ओरडतोस ना, तेव्हा ते तुझ्याकडे कसे बघतात पाहिलंयस? मेरीमातेच्या मूर्तीने पापणी हलवली तर बघतील तसे. तू काय बोलतोस ते कुणाच्या कानात जातच नाही."

"मग काय करू? पाय तोडून घेऊ?"

"घे. पायाची वेगळी मिरवणूक निघेल," नेउझा म्हणाली. "राजमा वाढू?"

रविवारी मैदान भरलं होतं ते भरलंच होतं, शाळेच्या कौलांवरही माणसं होती. सामन्याआधी अल्सिदेस बाकापाशी आले. नवा सूट, अत्तर, आणि बरोबर एक गॉगलवाला गृहस्थ.

"हे राजधानीच्या क्लबातून आलेत," अल्सिदेस कानात म्हणाले. "गिल्सिमारला बघायला. पोरगा शेवटपर्यंत मैदानावर दिसला पाहिजे, कान्याव. शेवटपर्यंत. आणि एखादा तसला मारू द्या त्याला. तुमच्यासारखा."

"आणि क्लब खाली गेला तर?"

"तुम्ही असताना?" अल्सिदेस हसले, आणि गॉगलवाल्याला घेऊन सावलीत गेले.

पहिल्या अर्ध्या तासात गिल्सिमारने मध्यरेषेवरून दोनदा मारलं. पहिला चेंडू कौलांवर गेला, तिथल्या माणसांनी तो झेलून मुके घेतले. दुसरा मोर्रो दो सिनोच्या पायात गेला, त्यांचा पुढचा गडी एकटा सुटला, आणि एस्ट्रेलाचा गोलकीपर कसा कोण जाणे त्याच्या पायांवर पडला म्हणून गोल वाचला. मैदान उठून टाळ्या वाजवू लागलं. गोलकीपरसाठी नव्हे, गिल्सिमारने कसा धीर केला यासाठी. "कान्याव! कान्याव!" असा गजर सुरू झाला. जेनिव्हाल्दो रेषेवर उभा राहून घसा फुटेपर्यंत ओरडत होता, "पास दे! डावीकडे दे, कार्ट्या, डावीकडे!" आणि मैदानावरची पोरं त्याच्याकडे बघून हसून अंगठा दाखवत होती. त्यांना वाटत होतं, मास्तर नाचताहेत.

मध्यंतरात त्याने खोलीत बाटल्या फेकल्या. एका बचावपटूने त्यातली एक उचलून सही मागितली, मुलासाठी.

उत्तरार्धात एस्ट्रेलाच्या उजव्या बगलेवरच्या गड्याने मध्यरेषेवरून मारलं. मग मधल्याने मारलं. दर वेळी मोर्रो दो सिनो धावत आला, एकदा खांबाला लागून चेंडू परतला. शून्य-शून्य अजून होतं, पण ते आता नशिबाच्या जिवावर होतं, आणि नशिबाकडे काम सोपवणं जेनिव्हाल्दोला जन्मात पटलं नव्हतं. गिल्सिमारने तिसऱ्यांदा मध्यरेषेवर चेंडू थांबवला, बाजूच्या रेषेकडे तोंड केलं, पाय लाकूडतोड्यासारखा घेतला. चेंडू गेला तो सरळ रेफरीच्या पोटात.

जेनिव्हाल्दोला त्या क्षणी फार शांत वाटलं. तो बाकाकडे वळला.

"कपाट. ऊठ."

कपाटने मागे वळून पाहिलं, मागे आणखी कुणी कपाट आहे का म्हणून.

"तूच. आत जा. जे समोर दिसेल ते रस्त्यावर मार."

"कुणाच्या जागी, मास्तर?"

"गिल्सिमारच्या."

चौथ्या पंचाने फलक वर धरला. पहिल्यांदा कुणाला समजलंच नाही. गिल्सिमार इकडे तिकडे बघत उभा राहिला, मग छातीवर बोट ठेवून त्याने 'मी?' असं विचारलं, मग चालत निघाला, इतका हळू की त्याच्यामागे एक मिरवणूक असती तर शोभली असती. मैदानात अशी शांतता पसरली की शेगडीवरच्या मांसाची चरबी तडतडलेली ऐकू आली. सावलीतून अल्सिदेस ताडकन उभे राहिले. गॉगलवाल्याने घड्याळ पाहिलं.

आणि त्या शांततेत, बाकाच्या बरोबर मागून, एक आवाज आला.

"गाढव!"

या देशात कुठल्याही मैदानावर प्रशिक्षकाने आवडता गडी काढला, की लोक त्याला एका सुरात गाढव म्हणतात. त्यात वैर नसतं, फार तर अर्धं. जगज्जेत्यांना म्हटलंय, संत माणसांना म्हटलंय. जेनिव्हाल्दोने परगावी हे पंधरा वर्षं ऐकलं होतं आणि त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पण सांतो आमान्सियोत? इथे कान्यावला? लोक ओरडणाऱ्याकडे वळले. तो तिबुर्सियो बेकरीवाला होता. त्याच्या हातात पावांची टोपली होती, आणि आपल्या तोंडून काय निघालं याचं सर्वांत जास्त आश्चर्य त्यालाच वाटत होतं. शेजारच्याने त्याची कॉलर धरली.

"कुणाला बोललास?"

तिबुर्सियोने मैदानाकडे बोट केलं. मैदानावर कपाट लुटूलुटू धावत आपली जागा शोधत होता.

"नाही पण बघ ना," तिबुर्सियो रडवेल्या सुरात म्हणाला. "गिल्सिमारला काढून हे कपाट! तूच सांग. गाढव नाही तर काय?"

शेजारच्याने कपाटकडे पाहिलं. कॉलर हळूच सोडली. विचार केला. मग दोन्ही हात तोंडाभोवती धरून तोही ओरडला. त्याच्यामागची रांग ओरडली. मग पलीकडची बाजू. मग शाळेची कौलं. बघता बघता सगळं मैदान टाळीच्या तालावर एका सुरात म्हणू लागलं, "गा-ढव! गा-ढव!" तीस वर्षं साठलेलं एकदम सुटावं तसं. वरच्या रेडिओच्या खोलीतून लिंदोमारचा भिंतीतून जाणारा आवाजही त्यात मिसळला.

जेनिव्हाल्दोचे कान लाल झाले. तीस वर्षं ज्याला कौतुकाचा उबग आला होता, त्याला आता हे गाढव झोंबलं होतं, आणि झोंबलं याचाच त्याला भयंकर राग आला. 'घ्या!' तो स्वतःला म्हणाला. 'हेच पाहिजे होतं ना? मग रडतोस कशाला, गाढवा?'

तेवढ्यात चेंडू मध्यरेषेवर उजव्या बगलेवरच्या पोराच्या पायाशी आला. तीच जागा, तोच कोन. पोराने सवयीने बाकाकडे पाहिलं, क्रूस काढायला हात उचलला. चहूबाजूंनी गाढव गाढव कानावर येत होतं. पोराचा हात अर्ध्यावर थांबला. त्याच्या तोंडावर जे आलं ते जेनिव्हाल्दोला इतक्या लांबूनही वाचता आलं. तोफेसारखा गोल मारायला कुणालाही आवडतं. गाढवासारखा मारायला कोण जाईल?

पोराने चेंडू निमूटपणे डावीकडे दिला.

"डावीकडे!" जेनिव्हाल्दो ओरडला, आणि उशीर झाला होता, कारण चेंडू तिथे पोचलाही होता. "आता मागे! मागे या सगळे!" आणि ते मागे आले. त्याने हात खाली केला, ते दबून राहिले. "कपाट, पुढे!" कपाट पुढे आला. हंगामभर जे शब्द वाऱ्यावर गेले होते ते आता कानात जाऊन बसत होते, कारण ते आता फक्त शब्द होते. कुणी हसत नव्हतं, कुणी अंगठा दाखवत नव्हतं. एक-दोघे तर चिडून, तोंडातल्या तोंडात शिव्या देत त्याचं ऐकत होते, आणि चिडलेला बचावपटू किती चांगला खेळतो हे जेनिव्हाल्दोला ठाऊक होतं.

मोर्रो दो सिनोने मग धडका मारायला सुरुवात केली. कपाट वळत होता, वेळ घेत होता, आणि वळून झालं की चेंडू रस्त्यावर जात होता. एक चेंडू बसच्या टपावर पडून बसबरोबर पुढच्या गावाला गेला. जेनिव्हाल्दोच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सुंदर फुटबॉल या मैदानावर कधी खेळलं गेलं नव्हतं, आणि ते बघून सगळं मैदान शिट्ट्या मारत होतं.

शिट्टी झाली. शून्य-शून्य. एस्ट्रेला पहिल्या श्रेणीत राहिला.

कुणी कुंपण ओलांडलं नाही. लोक कुरकुरत, सामान आवरत निघाले. "टिकलो खरे," कुणीतरी म्हणालं, "पण असं टिकण्यापेक्षा..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं. खोलीत गिल्सिमार टॉवेल डोक्यावरून घेऊन बसला होता.

"मास्तर, तुम्ही माझं वाटोळं केलंत. तो गॉगलवाला उठून गेला."

"पुढच्या वर्षी पहिल्या श्रेणीतच खेळशील. परत येईल तो."

"तुम्हाला काय जातंय बोलायला! तुम्ही एकदा मारलात, आयुष्याचं सोनं झालं!"

जेनिव्हाल्दो बूट सोडायला लागला.

संध्याकाळी रेडिओवर डॉक्टर अल्सिदेस बोलले. "प्रशिक्षकांवर क्लबाचा पूर्ण विश्वास आहे," ते म्हणाले. नेउझाने रेडिओ बंद केला आणि माळ्यावरून सुटकेस काढली. अध्यक्षाने विश्वास आहे असं जाहीर केलं की प्रशिक्षकाने आठवडाभरात गाव सोडायचं असतं, हे फुटबॉलवाल्याच्या बायकोला वेगळं सांगावं लागत नाही.

सोमवारी सकाळी जेनिव्हाल्दो पाव आणायला बेकरीत गेला. आत पाच-सहा माणसं होती. कुणी वाट करून दिली नाही. त्याचा नंबर आला तेव्हा तिबुर्सियोने त्याच्याकडे भुवया चढवून पाहिलं.

"काय रे," तिबुर्सियो म्हणाला. कालपर्यंत 'तुम्ही' होतं. "गिल्सिमारला काढायचं काय कारण होतं? एक कारण सांग. एक."

"चेंडू घालवत होता."

"मग त्याला पुढे टाकायचं होतं! कपाटला आणायचंच होतं तर उजवीकडचा काढायचा. तो तर लंगडत होता."

"लंगडत नव्हता, तो तसाच धावतो!"

"आम्हाला शिकवतोस? चाळीस वर्षं बघतोय मी!"

जेनिव्हाल्दोने कॉफीचा पेला बाजूला सरकवला, काउंटरवरच्या परातीतले गरम चीजचे गोळे दोन्ही हातांनी ओढले आणि मांडायला सुरुवात केली. पाच मागे, चार मध्ये. "हा कपाट," तो सगळ्यांत मोठा गोळा ठेवत म्हणाला. "हे मोर्रोवाले. आता गिल्सिमार पुढे ठेवला, तर ही एवढी जागा कोण भरणार? तू?"

"ही जागा हा भरेल," तिबुर्सियोने एक गोळा उचलून हलवला.

"तो तिथे नव्हताच!"

"नव्हता, पण असता!"

"डोक्यात पीठ भरलंय का रे तुझ्या?" रांगेतली माणसं पाव विसरून दोन्ही बाजूंनी वाकली. एकाने बचावातला गोळा चुकून तोंडात टाकला, त्याला दोघांनी झापलं. मागचा एक म्हातारा म्हणाला की मुळात पाच बचावाला ठेवणारा माणूसच भित्रा, आणि जेनिव्हाल्दो गर्रकन त्याच्याकडे वळला, बाह्या सरसावत.

काउंटरवर त्याचा फोन वाजायला लागला. पडद्यावर डॉक्टर अल्सिदेस यांचं नाव होतं.

"तुझा फोन," तिबुर्सियो म्हणाला.

"वाजू दे," जेनिव्हाल्दो म्हणाला. "तू आधी तो गोळा होता तिथे ठेव."